एक युनिट म्हणजे एक टाकी पाणी

लावणी उरकलीय, पाऊस उघडायचं नाव घेत नाही, बांधावर जाऊन करण्यासारखं काही नाही. म्हणून आज शिवाराच्या नोंदीऐवजी घरातली नोंद लिहितो. विषय वीजबिलाचा आहे, पण मी तो जुन्या काळापासून सांगणार. कारण आपण मुळशीकर आहोत, आणि विजेच्या हिशोबात मुळशीचं नाव जितकं जुनं आहे तितकं महाराष्ट्रात फार थोड्या तालुक्यांचं असेल.

आपल्या धरणाचं पाणी कुठं जातं हे लहान पोरांनाही ठाऊक आहे. मुळा आणि निळा या नद्या अडवल्या, आणि पूर्वेला वाहणारं पाणी बोगद्यातून पश्चिमेला, घाटाखाली भिऱ्याला सोडलं. तिथं 1927 साली वीजघर सुरू झालं. त्याआधी टाटांनी लोणावळ्याचं पाणी खोपोलीला (1915) आणि आंध्रा खोऱ्याचं भिवपुरीला (1922) नेलं होतंच. वीज मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी. त्याआधी गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालायच्या, कोळसा लांबून यायचा आणि महाग पडायचा. म्हणजे बघा, मुळशीचं धरण हाच मुळात कुणाचातरी इंधनाचा खर्च कमी करायचा उद्योग होता. फक्त तो खर्च गिरणीचा होता, आपल्या चुलीचा नव्हता.

त्यासाठी खोऱ्यातली बावन्न गावं आणि सुमारे अकरा हजार माणसं उठणार होती. आंबेमोहोराची खाचरं, पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून केलेली. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे बांधकामावर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट पुढं होते, त्यांना 'सेनापती' म्हणायला लागले ते इथूनच. सोबत विनायकराव भुस्कुटे. 'जान किंवा जमीन' ही घोषणा. तीन-साडेतीन वर्षं लढा चालला. त्यात आतून फूटही होती, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बऱ्याच जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडं गेलेल्या होत्या, आणि त्यातल्या पुष्कळांना जमिनीपेक्षा मोबदल्याची रक्कम जवळची होती. कसणारा एक, सातबाऱ्यावर दुसरा. शेवटी बापटांना मोठी शिक्षा झाली, धरण झालं, गावं पाण्याखाली गेली.

आता एक हिशोब मांडतो, तो मला कुठं वाचायला मिळाला नाही म्हणून स्वतः केला. दहावीला भौतिकशास्त्रात एवढं होतं. धरण ते भिरा उतार सुमारे 500 मीटरचा. एक हजार लिटर पाणी एवढ्या उंचीवरून खाली आलं, आणि वीजघरातली थोडी घट धरली, की त्यातून साधारण एक युनिट वीज निघते. म्हणजे आपल्या माळवदावर काळी टाकी असते ना हजार लिटरची, ती भरून एक टाकी पाणी घाटाखाली सोडायचं, तेव्हा एक युनिट. जुना पंखा एका युनिटात तेरा-चौदा तास फिरतो. हे एकदा डोक्यात बसलं की रिकाम्या खोलीतला पंखा वेगळाच दिसायला लागतो. आपल्या घरातली वीज भिऱ्याचीच असते असं नाही, ती महावितरणच्या जाळ्यातून येते, बरीचशी कोळशाची. पण माप म्हणून मला टाकी बरी वाटते. कोळसा आपण कधी पाहिला नाही, पाणी पाहिलंय.

भिऱ्यातून मुंबईला तारा गेल्या त्यानंतर कितीतरी वर्षं धरणाच्या कडेची गावं घासलेटवरच होती. मोठ्या तारा डोक्यावरून जायच्या आणि खाली चिमणी. त्या काळातला उजेड कसा होता ते आजच्या पोरांना सांगायला पाहिजे. बाटलीला भोक पाडून वात घातलेली चिमणी म्हणजे उजेडापेक्षा काजळी जास्त. वाऱ्यानं विझायची, भगभगायची, घासलेट खायची. त्यापेक्षा कंदील कितीतरी शहाणा. काचेमुळं वारा लागत नाही आणि ज्योतीला खालून सरळ हवा मिळते, म्हणून तेवढ्याच तेलात स्वच्छ आणि जास्त उजेड. माझ्या मते खेड्यातल्या घरानं इंधन वाचवायची जी पहिली वस्तू विकत घेतली, ती ही कंदिलाची काच. आणि तिचा इतिहास आपल्या शेजारचा आहे. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा गोळा करायची कल्पना काढली, त्या पैसा फंडातून 1908 साली तळेगाव दाभाड्याला काच कारखाना उभा राहिला. पुढं ओगले बंधूंनी 1916 च्या सुमारास कऱ्हाडजवळ औंध संस्थानात कारखाना काढला, त्याचं गाव ओगलेवाडी झालं. त्यांचा 'प्रभाकर' कंदील ज्याच्या घरात नव्हता असं घर शोधावं लागलं असतं. आमच्याकडं रोज संध्याकाळी काच राखेनं पुसायचं काम पोरांचं, कारण हात लहान. काजळी धरलेली काच म्हणजे तेल जळतंय आणि उजेड मिळत नाही. हीच गोष्ट आज धूळ बसलेल्या ट्यूबची आणि पंख्याच्या पात्यांची आहे, पण ती पुसायला कुणी पोर सापडत नाही.

उजेडापेक्षा चुलीला जास्त इंधन लागायचं, आणि त्याचं बिल पैशात येत नव्हतं, बायकांच्या मानेवर यायचं. डोंगरातून लाकडाची मोळी आणायची. त्यामुळं बचत काय ती जुन्या बायकांनीच केली. चुलीला वैल असायचा. मुख्य भांड्याखालची धग वाया जाऊ नये म्हणून बाजूला दुसरं तोंड, त्यावर आमटी नाहीतर पाणी. वैलाला वेगळं लाकूड लावत नसत. गिरणीवरून भाताचा भुस्सा आणायचा, शेगडीत मध्ये बाटली उभी करून दाबून भरायचा, बाटली काढली की नळी तयार. खालून पेटवली की तास-दोन तास न बघता जळते. आणि भात अर्धा शिजला की भांडं गोधडीत किंवा पेंढ्यात गुंडाळून ठेवायचं, उरलेला आपोआप शिजतो. शहरात याला आता पैसे देऊन पेटी मिळते म्हणे.

सरकारनं यात हात घातला तो 1980 नंतर. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, तो 2002 पर्यंत चालला. पुण्यात 1996 ला आरती म्हणून संस्था निघाली, आनंद कर्वे यांची, तिनं लक्ष्मी, प्रिया असल्या नावांच्या चुली गावोगाव पोचवल्या. धुराडं असलेली चूल. जिथं सिमेंटच्या साच्यातून नीट बसवली आणि बाईला विचारून उंची धरली, तिथं ती टिकली. जिथं कुणीतरी येऊन आकडा भरायला बसवून गेला, तिथं धुराडं वर्षभरात काजळीनं बुजलं आणि पुढच्या पावसाळ्यात चूल फुटली. दोन्ही प्रकार मी पाहिलेत. त्याच संस्थेनं खरकट्यावर, पिठावर चालणारा छोटा बायोगॅस काढला, त्याला 2006 ला बाहेरच्या देशातलं ॲश्डेन बक्षीस मिळालं. गोबरगॅसचा आमच्या पट्ट्यातला अडथळा वेगळाच आहे: पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं आणि थंडीत गॅस मंदावतो. ताम्हिणीकडच्या पावसात खड्डा कोरडा राहायचा म्हणजे जागा उंचावरच पाहिजे.

बरं, लाइटीकडं येऊ. महाराष्ट्र झाल्यावर जून 1960 मध्ये वीज मंडळ स्थापन झालं आणि मग हळूहळू खांब आले. आधी रस्त्याकडची गावं, मग आतली, वाड्या शेवटी. आल्यावर सुद्धा घरात काय होतं? एक बल्ब पडवीत, एक चुलीजवळ. गरिबांसाठी कुटीर ज्योती योजना होती, तिच्यात एका बल्बाचंच कनेक्शन असायचं. 60 चा पिवळा बल्ब. तो खरं म्हणजे दिवा कमी आणि शेगडी जास्त, घेतलेल्या विजेतली बहुतेक उष्णताच व्हायची. कोंबडीच्या पिलांना ऊब द्यायला तोच लावायचो यावरून ओळखा. पण मीटरची चकती गरीब होती बिचारी, अगदी बारीक भाराला हलायचीच नाही, आणि बिल थोडकं यायचं. त्यामुळं विजेची बचत हा विषय त्या काळी कुणाच्या डोक्यात नव्हता. घासलेटची रांग चुकली हेच खूप होतं.

डोक्यात आला तो भारनियमनात. 2005 ला मंडळाचे तुकडे होऊन महावितरण झालं. त्या चार-पाच वर्षांत खेड्यात दिवसाला दहा-बारा तास लाइट नसायची. तेव्हा अक्षय प्रकाश म्हणून योजना निघाली होती, आठवतेय का? गावानं ठरवायचं की संध्याकाळी मोटारी, गिरण्या, हिटर काही लावायचं नाही, आणि त्या बदल्यात गावठाणाला दिव्यापुरती सिंगल फेज मिळायची. माझ्या मते वीज खात्याची ही सगळ्यात समजूतदार योजना होती. कारण तिच्यात माणसाला कळत होतं की शेजाऱ्याची मोटर बंद म्हणून माझ्या पोराला अभ्यासाला उजेड आहे. मोडली ती आपणच, कपॅसिटर लावून दोन फेजवर मोटारी चालवणाऱ्यांनी. मग गावठाणाचा आणि शेतीचा फीडर वेगळा करणं भाग पडलं.

त्यानंतर सीएफएल आला, पण महाग होता आणि आमच्याकडच्या कमी-जास्त व्होल्टेजला टिकायचा नाही. खरा बदल 5 जानेवारी 2015 नंतर झाला, उजाला योजनेतला 9 वॉटचा एलईडी. सरकारी कंपनीनं एकदम करोडोंच्या संख्येनं बल्ब घेतले, त्यामुळं जो बल्ब 2014 ला खरेदीतच तीनशे रुपयांच्या वर पडत होता तो दोन वर्षांत चाळीसच्या आत आला. असं स्वस्त होताना मी शेतातला मालच फक्त पाहिलाय! हिशोब बघा: 60 चे चार बल्ब रोज पाच तास, महिन्याला 36 युनिट. तेच 9 चे चार, साडेपाच युनिट. महिन्याला तीस टाक्या पाणी वाचलं, आणि उजेड कमी झाला नाही. घरातल्या बचतीत इतकी सोपी गोष्ट पुन्हा मिळणार नाही. पुढची प्रत्येक गोष्ट याहून महाग आणि किचकट आहे.

मग तरी बिल का वाढलं? मला वाटतं याचं मोठं उत्तर घराच्या छपरात आहे. जुनं घर कारवीच्या कुडाचं, वर गवत नाहीतर कौलं. छपराखाली माळा, माळ्यावर पेंढा, गोवऱ्या, लाकडं. ऊन छपराला लागलं तरी खाली यायला मध्ये माळा होता, आणि कौलांच्या फटीतून गरम हवा निघून जायची. एप्रिलमध्ये सुद्धा दुपारी झोप लागायची. आता आपण स्लॅब घातला, ज्याला जमलं नाही त्यानं पत्रा. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री अकराला आपल्या अंगावर सोडतो. म्हणून पंखा, म्हणून कूलर, आणि भूगावच्या अलीकडं तर एसी. स्लॅब पाडा असं मी म्हणत नाही, आमच्या पावसात स्लॅबचं सुख मोठं आहे. पण होळीच्या आधी गच्चीला चुन्याचे दोन हात मारा. पांढऱ्या गच्चीवर दुपारी अनवाणी उभं राहता येतं, काळपट गच्चीवर येत नाही. तोच फरक खालच्या खोलीत उतरतो. पावसात चुना धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो, तरी खर्च एका दिवसाच्या मजुरीचा. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्या ठोकून मध्ये वीतभर हवा ठेवली तरी चालतं. फक्त तिथं पेंढा भरू नका, वायरिंग तिथूनच जातं.

पंख्याचं नीट सांगतो कारण दुकानदार अर्धंच सांगतात. साधा पंखा 75 वॉट, नवा बीएलडीसी 30 च्या आसपास, किंमत अडीच-तीन हजार. आमच्या मुळशीच्या वरच्या भागात पंखा फार तर पाच महिने, रात्रीचे दहा तास लागतो. म्हणजे एका पंख्यामागं वर्षाला 65-70 युनिट वाचणार, पैसे वसूल व्हायला चार वर्षं. ठीक आहे, पण घाई नाही. जो सगळ्यात जास्त फिरतो तोच एक बदला. उलट हिंजवडी-माणला ज्यांनी खोल्या भाड्यानं दिल्यात, तिथं पंखा बारा महिने पंधरा-पंधरा तास चालतो. तिथं एका वर्षात पैसे सुटतात. एकाच तालुक्यात हिशोब इतका फिरतो. आणि ज्यांच्याकडं जुना, डब्यासारखा, हाताला गरम लागणारा रेग्युलेटर आहे, त्यांनी आधी तो काढा. त्यात पंखा हळू केला की उरलेली वीज पेटीतच तापून जाते. पुण्यातल्या प्रयास संस्थेच्या गिरीश संतांनी पंख्यांचा हा विषय देशपातळीवर लावून धरला होता, 2012 ला ते अकाली गेले. पंख्यावर तारांकन सक्तीचं व्हायला पुढं 2023 उजाडलं. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजला ते 2010 पासूनच सक्तीचं आहे.

फ्रिजचं तारांकन वाचताना एक ध्यानात ठेवा. तारे बघू नका, खाली वर्षाचे युनिट लिहिलेले असतात ते बघा. ताऱ्यांची पट्टी मध्येमध्ये कडक होते, त्यामुळं जुना पाच तारा आणि नवा पाच तारा एक नव्हेत. शहरातून कुणी जुना फ्रिज तीन हजाराला देतो म्हणून घेऊ नका. तो दिवसाला दोन युनिट खात असेल तर घरातले सगळे एलईडी मिळून जेवढं वाचवतात त्याच्यापेक्षा जास्त एकटा खातो.

सगळ्यात मोठा खाणारा मात्र अंघोळीचं पाणी. वीस लिटरची बादली 20 अंशावरून 45 वर न्यायची तर अर्ध्या युनिटाहून थोडी जास्तच वीज लागते. त्यात कुठल्याही कंपनीचा गिझर चमत्कार करू शकत नाही, पाणी तेवढंच मागतं. पाच माणसांचं घर म्हणजे दिवसाला तीन युनिट, महिन्याला नव्वद. म्हणजे एका बादलीच्या अंघोळीला धरणातलं अर्ध्या टाकीहून जास्त पाणी! आपला तांब्याचा बंब याबाबतीत फार हुशार भांडं होतं. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, चारी बाजूंनी धग पाण्यालाच. भाताचं धस, आंब्याच्या छाटणीच्या काटक्या, नारळाच्या करवंट्या, काहीही चालतं. भंगारात घालू नका. सूर्याचा बंब बसवलात तरी आमच्याकडं जून ते सप्टेंबर त्याचा उपयोग नाही, तेव्हा हाच लागतो. छतावरच्या सौर पॅनेलचंही तेच. एक किलोवॉटला सरकार 30 हजार देतं, तीनला 78 हजार, आणि एरवी एक किलोवॉट महिन्याला शंभराच्या वर युनिट देतो. पण आषाढ-श्रावणाचा आकडा वेगळा धरूनच कर्ज काढा.

आता दराची गोष्ट, जी बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते. पहिल्या 100 युनिटचा दर एक, 101 ते 300 चा जवळपास दुप्पट. म्हणजे तुमचे 140 युनिट होत असतील तर शेवटचे 40 हे महागातले. पहिल्याला सहा आणि पुढच्याला अकरा रुपये धरले तर ते 40 वाचवून युनिट कमी होतात 29 टक्के, पण विजेचे पैसे कमी होतात 42 टक्के, वर 16 टक्के वीज शुल्कही तेवढ्यापुरतं टळतं. स्थिर आकार मात्र घर बंद ठेवलं तरी द्यायचाच. म्हणून ज्याचं बिल 80 युनिटचं आहे त्यानं महागडी वस्तू आणायच्या नादाला लागू नये, आणि ज्याचं 120-150 आहे त्यानं जरूर लागावं. शेतीपंपाचं बिल 2024 पासून माफ आहे, साडेसात एचपीपर्यंत, पण घराचं मीटर त्यात येत नाही. गोठ्यातला दिवा आणि कडबाकुट्टी कुठल्या मीटरवर आहे तेवढं पाहून घ्या.

मीटरवर लाल ठिपका लुकलुकतो, शेजारी 3200 असा आकडा छापलेला असतो. तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट. रात्री सगळी बटणं बंद करून फक्त एक वस्तू चालू ठेवा आणि मोबाइलवर एक मिनिट लावून मोजा. मिनिटाला पाच वेळा म्हणजे साधारण 95 वॉट. सगळं बंद करून सुद्धा ठिपका हलत असेल तर टीव्ही, सेट टॉप बॉक्स, चार्जर यांच्या पिना काढून पुन्हा मोजा. तरी हलला तर वायरिंगमध्ये कुठंतरी ओल धरलीय, आणि आमच्या पावसात ती धरतेच. मग हात न लावता वायरमनला बोलवा. घरातल्या एकेका वस्तूचा आकडा काढून बिलाच्या मागं लिहून ठेवा, पुढच्या महिन्याच्या बिलाशी ताडून बघता येईल.

पुढची नोंद करप्यावर. इंद्रायणीवर ठिपके दिसायला लागलेत.